काम बाकी आहे, लिफ्ट सांगते

लिफ्टच्या शाफ्टच्या तळाशी एक खड्डा असतो. दाराच्या फटीतून निसटलेलं सगळं तिथे जाऊन बसतं. किल्ल्या, चिल्लर, तान्ह्या मुलाचा मोजा, एकदा तर कोणाची तरी बत्तिशी! मुद्दाम कोणी काही टाकत नाही, पण वर्षभराने खाली उतरून बघावं तर घमेलंभर सामान निघतं. आमच्या ऑफिसातल्या किश्श्यांचं असंच आहे. परवा जेवताना एकाने एक काढला आणि मग कोणाच्याच हातातला घास तोंडात जाईना.

आधी सांगते, आम्ही लिफ्ट बनवत नाही. लिफ्टचा मेंदू बनवतो. बटण दाबल्यावर कुठे जायचं, कधी थांबायचं, दार कधी उघडायचं, हे ठरवणारा जो डबा असतो तो आणि त्याच्या आतला कोड. ऑफिस ग्वाल्हेरला, शिंदे की छावनीत, एका तीन मजली इमारतीच्या तळमजल्यावर. माणसं सात, पण या किश्श्यांपुरती चार पुरेत.

मालक कदम साहेब. आजोबा-पणजोबा फौजेतले, म्हणून साहेब आजही सुट्टीच्या अर्जावर ‘रजा मंजूर’ असं लिहून खाली तारीख टाकतात. कोडची सगळी जबाबदारी मंजिरीताईकडे. तिसरा भदौरिया, भिंडचा. मराठी सगळी कळते, बोलतो मात्र हिंदीच. आणि चौथी मी, टेंबे. हे आडनाव शहराच्या लष्कर भागातल्या अर्ध्या लोकांना माझ्या इच्छेविरुद्ध पाठ झालंय, ते कसं ते येईलच.

*

सुरुवात झाली माधवगंजात. तिथल्या एका साड्यांच्या चार मजली दुकानात आमचा डबा लावलेली सहा माणसांची लिफ्ट बसली. पूजेच्या दिवशी शेठजी, शेठाणी, मुलं, सुना, नातवंडं, झालंच तर पंडितजी आणि त्यांचं पूजेचं ताट, अशी तेरा माणसं एकदम आत शिरली!

अशा वेळी लिफ्टने ‘वज़न ज़्यादा है’ म्हणून जागचं हलायचं नसतं. ही मुकाट्याने दार लावून निघाली. दोन मजले चढली, दमली, आणि हळूहळू घसरत पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधोमध येऊन बसली. ब्रेक चांगला होता म्हणून निभावलं. आम्ही पोचेपर्यंत आत दोन आरत्या म्हणून झाल्या होत्या.

सगळे घामाघूम होऊन बाहेर आले. शेठाणी सगळ्यात शेवटी. त्यांनी लिफ्टकडे कौतुकाने बघितलं आणि म्हणाल्या, “बड़ी सीधी लिफ्ट दी है भैया, किसी को मना ही नहीं करती!”

ऑफिसात येऊन मंजिरीताईने कोड उघडला. त्याचं असं असतं, की कोड लिहिताना एखादा भाग ‘नंतर करू’ म्हणून सगळेच सोडतात. पण मशीनला रिकामी जागा चालत नाही. तिने विचारलं ‘वजन किती?’ तर काहीतरी उत्तर द्यावंच लागतं. वजनाचा सेन्सर तेव्हा आलेला नव्हता, म्हणून भदौरियाने तिथे ‘शून्य’ लिहिलं आणि तो चुलतभावाच्या लग्नाला गेला. पुढे सेन्सर आला, बसला, वायरीही जोडल्या. पण त्याला विचारायला कोणी गेलंच नाही. तेरा माणसं आत उभी आणि लिफ्टच्या लेखी लिफ्ट रिकामी!

“दीदी, ज़ीरो ही तो लिखा था,” भदौरिया म्हणाला, “ग़लत थोड़े ही लिखा!”

“चुकीचं लिहिलं असतंस तर लगेच कळलं तरी असतं रे,” ताई म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी ताईने नियम केला. अर्धवट कामाने गप्प बसायचं नाही. जिथे काम बाकी आहे तिथे खोटं उत्तर द्यायचं नाही. लिफ्टने सरळ जवळच्या मजल्यावर थांबायचं, दार उघडायचं आणि कोणाचं काम बाकी आहे ते मोठ्याने सांगायचं! ‘पहली मंज़िल, दूसरी मंज़िल’ म्हणायला स्पीकर असतोच. त्याच स्पीकरवर.

कदम साहेबांनी चष्मा काढला. साहेब चष्मा काढतात तेव्हा समजावं की लढाई आहे.

“मंजिरीबाई, घरात भांड्याला भांडं लागू द्या, काही हरकत नाही. पण गिऱ्हाइकासमोर आपलीच अब्रू आपणच काढायची? मला हे बिल्कुल ठीक नाही लागत. ऑफिसात बोलू द्या, तयार मालातून आवाज काढून टाका.”

“तयार मालातच तर पाहिजे, साहेब. आपल्या टेबलावर कोणी अडकत नाही.”

बराच वेळ वाद चालला. शेवटी साहेब म्हणाले, “ठीक. पण माझी अट ऐका. ज्या दिवशी लिफ्ट गिऱ्हाइकासमोर बोलली, त्या दिवशी हा नियम बंद.”

“मंजूर,” ताई म्हणाली. “पण नियम बंद तर मीही बंद. खोटं बोलणाऱ्या लिफ्टवर मी सही नाही करणार.”

ताईच्या घरी म्हातारे आई-वडील आणि कमावणारी ती एकटी. ग्वाल्हेरात या कामाची दुसरी कंपनीही नाही. त्यामुळे तिचं ते वाक्य आम्हा कोणालाच आवडलं नाही. आता आमची सगळ्यांची एकच धडपड, की माल बाहेर जायच्या आत कामं संपवायची आणि लिफ्टला गिऱ्हाइकासमोर तोंड उघडायची वेळच येऊ द्यायची नाही.

*

आवाज ज्याचा त्याने द्यायचा, असं ताईचं म्हणणं. दुसऱ्याने आपलं नाव घेतलं की माणूस चिडतो, स्वतःच घेतलं की कामाला लागतो.

स्टोअररूममध्ये रजई टांगून रेकॉर्डिंग झालं. ताईचं एका दमात झालं. माझं ऐकून सगळे म्हणाले की कोणाच्या तेराव्याला आल्यासारखं वाटतं. भदौरियाने मात्र अकरा वेळा घेतलं. निवडणुकीला उभा असल्यासारखा छाती काढून म्हणाला, “भदौरिया का... काम... बाकी है!” आणि पुढे जागेचा नंबर. आमच्या याद्या निघाल्या तेव्हा त्याच्या नावावर अशा चाळीस जागा होत्या.

आमच्या इमारतीतली लिफ्ट हीच आमची प्रयोगशाळा. दुसऱ्या मजल्यावर कोचिंग क्लास आहे. पहिल्याच दिवशी मुलं लिफ्टमध्ये चढली, लिफ्ट मध्येच पहिल्या मजल्यावर थांबली, दार उघडलं आणि भदौरिया गरजला. मुलांनी क्षणभर एकमेकांकडे बघितलं आणि अख्ख्या लिफ्टने आरोळी दिली, “ज़िंदाबाद!”

महिनाभर रोज हेच. “भदौरिया का काम बाकी है!” “ज़िंदाबाद!” भदौरिया खाली बसून दात-ओठ खात एकेक जागा पुरी करत होता. कदम साहेबांनी लिफ्टने जाणंच सोडलं. लिफ्टचं मशीन बघायला गच्चीवर जायचं असलं, तर गुडघे दुखत होते तरी जिन्याने चढायचे. म्हणायचे, “लोकांच्या उणिवा ऐकत मी वर जाणार नाही.”

एके शनिवारी भदौरियाची चाळिसावी जागा पुरी झाली. सोमवारी पठ्ठ्याने मुरैन्याची तिळाची गजक आणली, दोन डबे! आम्ही खात होतो तोच कोचिंगची तीन मुलं दारात येऊन उभी राहिली. चेहरे गंभीर. त्यातली एक मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, “सर, भदौरिया जी ठीक तो हैं? दो दिन से आवाज़ नहीं आई.”

*

आता माझं.

तिसऱ्या मजल्यावर सप्रेकाका राहतात. रिटायर्ड, आणि संध्याकाळी फिरायला फूलबागेत जातात. माझ्या सासूबाईही तिथेच जातात. एक दिवस काका बाकावर शेजारी बसून म्हणाले, “वहिनी, राग नका मानू, पण तुमच्या सुनेचं काम सारखं बाकी असतं. लिफ्ट रोज सांगते.”

सासूबाई घरी येऊन काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या नाहीत म्हणजे काळजीच. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मी टेबलावर काम करत होते, तर बाहेरून ओळखीचा आवाज. बघते तो सासूबाई! पर्स खांद्याला, पदर खोचलेला, आणि त्या लिफ्टच्या आत उभ्या. लिफ्टचं दार तळमजल्यावर उघडं आणि माझाच रडका आवाज नुकताच बोलून थांबलेला: “टेंब्यांचं काम बाकी आहे. क्रमांक सतरा.”

सासूबाई स्पीकरकडे बोट करून म्हणत होत्या, “काय गं, काय बाकी आहे? माझी सून सकाळी उठून स्वयंपाक करते, माझ्या गोळ्या काढून ठेवते, मुलाचा डबा भरते, सगळं आटोपून साडेनऊला निघते. वरून तू नावं ठेवतेस? आधी स्वतःचं दार लाव नीट!”

सतरा नंबरची जागा दाराचीच होती. दारात पदर किंवा ओढणी अडकली तर ओळखायचं, ते लिहायचं राहिलं होतं. ते मी त्याच दिवशी संध्याकाळच्या आत पुरं केलं. अख्ख्या नोकरीत माझ्या बाजूने इतकं ठणकावून दुसरं कोणी बोललेलं नाही, हेही इथेच सांगून टाकते. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

*

कोडमध्ये काही जागा अशा असतात की तिथे मशीन कधी पोचणारच नाही, अशी आपली खात्री असते. उदाहरणार्थ, लिफ्ट एकाच वेळी सगळ्यात वरच्या मजल्यावर आणि सगळ्यात खालच्या मजल्यावरही आहे. कशी असेल? वरच्या टोकाला एक स्विच असतो, खालच्या टोकाला एक. लिफ्ट टेकली की तो दाबला जातो. दोन्ही एकदम दाबले जाणं अशक्य!

मी ताईला म्हटलं, इथे काही लिहायची गरज नाही. ती म्हणाली, “गरज नाही ना? मग नुसता तुझा आवाज ठेव. पडून राहील, कुठे खायला मागतोय.”

चार महिन्यांनी, सगळ्यांच्या याद्या संपल्यावर, एका दुपारी लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर पोचली आणि मीच बोलले, “टेंब्यांचं काम बाकी आहे. क्रमांक एकतीस.” मी यादी काढली. एकतीस म्हणजे तीच अशक्य जागा! ताई टॉर्च घेऊन खड्ड्यात उतरली.

शाफ्टमध्ये त्या आठवड्यात रंगकाम चाललं होतं. पेंटरला खालच्या स्विचचा दांडा ब्रश मारताना आड येत होता. त्याने तो दाबून सुतळीने घट्ट बांधून टाकला होता. गाठ तर अशी सुबक, की विचारू नका! लिफ्टला वाटत होतं आपण खाली टेकलोच आहोत. खरंच खाली आल्यावर तो स्विच नव्याने दाबलाच गेला नसता; दुसऱ्याच फेरीत ती न थांबता खड्ड्यातल्या स्प्रिंगच्या बफरवर जाऊन आदळली असती, आणि साडेतीन वाजता कोचिंग सुटायचं होतं.

पेंटरला बोलावलं. तो बिचारा ब्रश हातात घेऊन म्हणाला, “मैडम, ये बार-बार हिल रहा था. मैंने सोचा ख़राब हो जाएगा, तो सँभाल के बाँध दिया.”

त्या दिवशी कदम साहेबांनी ती सुतळी मागून घेतली आणि आपल्या खणात ठेवली.

*

आणि आता नर्सिंग होमचा.

फूलबागेच्या बाजूला एक मोठं नर्सिंग होम नवी पाच मजली इमारत बांधत होतं. तीन लिफ्ट, तिन्ही स्ट्रेचर जाईल एवढ्या. आजवर हॉस्पिटलची कामं दिल्ली-इंदूरच्या कंपन्यांकडे जायची, आमच्या वाट्याला दुकानं आणि लॉज. यावेळी तिथल्या मुख्य डॉक्टर बाईंनी सांगितलं, “एक लिफ्ट तुम्ही बसवा. इन्स्पेक्टर तपासतील. मला पसंत पडली तर तिन्ही तुमच्या.” हे काम मिळालं असतं तर आम्ही दुकानांतून उठून हॉस्पिटलांत गेलो असतो.

पण गिऱ्हाईक समोर, इन्स्पेक्टर समोर, आणि साहेबांची अट तशीच. लिफ्ट एक शब्द जरी बोलली तरी नियम गेला आणि मंजिरीताईही गेली. ताई वरवर शांत होती. मी तिच्या पर्समध्ये पेन शोधत होते तेव्हा घडी घातलेला राजीनामा दिसला. तारीख तेवढी घालायची होती.

मी आणि भदौरियाने तीन आठवडे यादी तपासली. ताईचं शून्य, माझं शून्य, भदौरियाचं शून्य. एकही जागा बाकी नाही!

तपासणीच्या दिवशी भदौरिया पेशंट झाला. स्ट्रेचरवर चादर घेऊन आडवा झाला आणि वॉर्डबॉयला म्हणाला, “धीरे चलाना, नई-नई शादी हुई है.” इन्स्पेक्टर माणूस वयस्कर, कमी बोलणारा. त्याने वजन वाढवून बघितलं, लिफ्ट नाही म्हणाली. दारात काठी घातली, दार मागे सरलं. मध्येच वीज बंद केली. लिफ्ट बॅटरीवर सावकाश तिसऱ्या मजल्यावर येऊन उभी राहिली. डॉक्टर बाई मान डोलवत होत्या. मी ताईचा हात घट्ट धरून ठेवला होता.

“अब आख़िरी,” इन्स्पेक्टर म्हणाला. “आग. और आग लगी है ग्राउंड फ्लोर पर.” त्याने तळमजल्याची आगीची किल्ली फिरवली.

आगीचा भाग कदम साहेबांचा. कंपनी काढली तेव्हा त्यांनी स्वतः बसून लिहिलेला, सगळ्यात जुना. आमच्या यादीत तो कधी आलाच नव्हता. साहेबांच्या कामात बाकी काही असेल का, हे विचारायचं आम्हा कोणालाच सुचलं नव्हतं. वडीलधाऱ्यांनी वाढलेलं ताट कोणी चाखून बघत नाही, तसंच.

लिफ्ट भदौरियाला घेऊन तिसऱ्या मजल्यावरून निघाली. दुसऱ्यावर थांबली. दार उघडलं. आणि स्पीकरमधून अगदी स्पष्ट, खणखणीत आवाज आला:

“कदमांचं काम बाकी आहे. क्रमांक एक.”

भदौरिया स्ट्रेचरवर ताडकन उठून बसला. हा आवाज खुद्द साहेबांचा होता, आणि तो आमच्यापैकी कोणीच रेकॉर्ड केलेला नव्हता. इन्स्पेक्टरने वहीतून मान वर केली.

“ये कदम कौन हैं?”

कदम साहेब दोन पावलं पुढे आले. “मैं हूँ. मालिक.”

“क्या बाकी है?”

“आग कौन-सी मंज़िल पर है, ये देखना बाकी है. पुराना कोड है. आग लगी तो सीधा नीचे, बस इतना ही लिखा था.”

“और ये न बोलती तो?”

“तो ग्राउंड फ्लोर पर जाकर दरवाज़ा खोल देती,” साहेब म्हणाले. “आग में. मरीज़ के साथ.”

भदौरियाने चादर बाजूला केली आणि स्ट्रेचरवरून हळूच उतरला.

“आपको मालूम कब हुआ?”

“आज सुबह. पाँच बजे से बैठा था. पूरा नहीं हो पाया, तो आवाज़ डाल दी.”

इन्स्पेक्टर साहेबांकडे बघत राहिला. “बाकी इंस्पेक्टर आग ऊपर की मंज़िल पर ही लगाते हैं. ये एक लाइन हटा देते तो उनसे पास थे.”

“जी,” साहेब म्हणाले.

इन्स्पेक्टरने वहीत काहीतरी लिहिलं, वही मिटली आणि सांगितलं, “हफ़्ते भर में पूरा करके बुलाइए. मैं ख़ुद आऊँगा.” जाताना त्याने साहेबांशी हात मिळवला. बाकी कोणाशी नाही.

डॉक्टर बाई अजून उघड्या दाराकडे बघत होत्या. “कदम साहेब,” त्या म्हणाल्या, “आमच्या जुन्या इमारतीतल्या दोन लिफ्ट कधीच काही बोलत नाहीत. त्यांत काय काय बाकी आहे ते मला कोण सांगणार? नव्या तिन्ही तुमच्या. आणि त्या दोघींचे डबेही बदलून टाका.”

पाच! तीन मागायला गेलो आणि पाच घेऊन निघालो! भदौरिया तर जिन्यातच नाचायला लागला. मला रडू येत होतं, मी ते आवरलंही नाही.

खाली पार्किंगमध्ये सगळे हसत-खिदळत असताना मंजिरीताई तेवढी बाजूला उभी होती. तिने पर्स उघडली, तो कागद काढला आणि साहेबांसमोर धरला. ताईचं असंच. शब्द दिला की दिला, मग स्वतःच्या विरुद्ध गेला तरी.

“साहेब, अट म्हणजे अट. लिफ्ट गिऱ्हाइकासमोर बोलली.”

कदम साहेबांनी चष्मा काढला. रुमालाने सावकाश पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“लिफ्ट कुठे बोलली, मंजिरीबाई?” ते म्हणाले. “मी बोललो!”